पायरीवरची बाई

आधीच सांगून टाकते, हा खेळ घरात मी आणला. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत आणि शेवटी कुणी जिंकतही नाही. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगायला लागतो: समोर पडकं दीपगृह आहे, दार अर्धवट उघडं आहे. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. सूत्रधार विचारतो, तू काय करतेस? तुम्ही सांगाल ते तुमचं पात्र करतं. जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. एवढंच. पण एकदा चटक लागली की जेवतानाही डोक्यात दीपगृहच असतं.

सूत्रधार अर्थातच मी. मागच्या वर्षापर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही माझा घसा बसायचा. आता मी राक्षस, राणी, चावरी बदकं, सगळ्यांचे आवाज काढते आणि ते ऐकायला लोक रविवारी दुपारी आईच्या शिवणघरात येतात. लोक म्हणजे तिघं. माझी वर्गमैत्रीण टाचणी, जी प्रत्येक दाराला आधी लाथ घालते. खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले काका, जे आधी बिजागरी तपासतात. आणि आई, जिला टाचणीनं जवळजवळ ओढून बसवलं. आईची अट एकच, हातातलं काम सुटणार नाही. त्यामुळे आमची शूर नावाडीण वादळातसुद्धा कोटाला बटणं लावत असते.

त्या रविवारी तिघं दीपगृहात शिरली. जिन्यात मी एक भूत बसवलं होतं. वहीत त्याच्याबद्दल इतकंच होतं, पायरीवर बाई, कुणाची तरी वाट बघत मेली. आवाज ठरवला नव्हता. तो मी ऐनवेळी काढते, त्यातच तर माझा हात कुणी धरू शकत नाही. तोंड उघडलं आणि घोगरा, नाकातून हसणारा आवाज आला. बाई नावाडिणीला म्हणाली, “आलीस का गं झिपरे? पायात काहीतरी घाल, फरशी गार आहे.”

टाचणी खिदळली. म्हणाली, हे भूत आहे की शाळेची शिपाईण. आईची सुई मात्र कोटात तशीच राहिली. हे तुला कुणी सांगितलं, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही, सुचलं. आणि खरंच सुचलं होतं.

काकांनी चष्मा काढून पुसला आणि हातातच धरून ठेवला. ते आईला लहानपणापासून ओळखतात. “ही तुझी मावशी बोलली,” ते मला म्हणाले.

मावशी माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी गेली. तिचा फोटो आहे, आवाज कुठेच नाही. आई तिच्याबद्दल बोलत नाही. मला माहीत आहे ते इतकंच, की मावशीनं दवाखान्यातून निरोप पाठवला होता आणि आई एका गिऱ्हाइकाचा लग्नाचा पोशाख पुरा करत बसली, सकाळी जाऊ म्हणून. सकाळी खाट रिकामी होती.

टाचणीनं थांबूया म्हटलं. मीही वही मिटायला घेतली. आई नको म्हणाली आणि तिनं कोट बाजूला ठेवला.

“माझी नावाडीण तिला विचारते, त्या रात्री तू माझी वाट बघितलीस का?”

सूत्रधार मी होते. मी ‘नाही’ म्हटलं असतं तर नाही. आईनं ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं, कारण ती म्हणाली, तू मला बरं वाटेल तेच सांगशील, फासा टाक. अकरा किंवा वर पडला तर ती गाढ झोपेत होती, खाली पडला तर जागी. मी एरवी पुठ्ठ्याआड फासा टाकते. आज सगळ्यांसमोर टाकला.

तीन.

काका म्हणाले, टेबल कललेलं आहे, परत टाक. आईनं मान हलवली. मला तो आवाज काढायचा नव्हता, पण माझ्या साध्या आवाजात वाक्य निघेना.

“बघितली गं. उजाडेपर्यंत.”

 फासा चांगला पडो की वाईट, नंतर सूत्रधाराला एक प्रश्न विचारावाच लागतो. मी विचारला, “तू काय करतेस?”

 आई म्हणाली, “तिच्या शेजारी बसते.”

टाचणीनं सांगितलं, ती दाराबाहेर उभी राहते, कुणाला आत येऊ देत नाही. काका वर जाऊन दिवा लावतो म्हणाले आणि त्यासाठी फासा लागेल का, असं विचारलं. मी म्हटलं, लागणार नाही.

राहिली बाई. तिचं काय होतं ते मीच सांगायचं होतं. मी नाकातून हसून बघितलं, घसा घोगरा करून बघितला, पण तो आवाज पुन्हा आला नाही. शेवटी माझ्याच आवाजात सांगितलं की बाई सरकून नावाडिणीला जागा करते.

बाकावर आई एकटीच बसली होती. तीही जराशी डावीकडे सरकली, आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे आमच्यापैकी कुणीच बघितलं नाही.