पुढची ओळ

दचकू नका. बोलतेय ती मी, नागपूरच्या महाल भागातल्या या खोलीत खिडकीखाली ठेवलेली बाजाची पेटी. एरवी मी दुसऱ्याच्या बोटांनी बोलते. आज मात्र माझं मला सांगायचं आहे.

माझा जन्म याच महालातल्या एका अरुंद गल्लीत झाला. कारागिराने सागाच्या फळ्या तासून माझं अंग घडवलं, पोटात पितळेच्या बारीक जिभा बसवल्या, पाठीला भाता लावला. त्याने पहिल्यांदा भाता उघडला तेव्हा दुकानातली हवा माझ्यात शिरली. सरसाचा वास, बिडीचा धूर, त्या म्हाताऱ्याचा खोकला. लोकांना वाटतं, भाता दाबला की आतली हवा बाहेर जाते. सगळी जात नाही.

मला खापा गावच्या नत्थूजींनी घेतलं. ते कोष्टी होते, घरात हातमाग होता. बसमध्ये त्यांनी मला खाली ठेवलंच नाही, मांडीवर धरून गावापर्यंत नेलं. दिवसभर मागावर लुगडी विणायची आणि गुरुवारी भजन, असा त्यांचा नेम. भजनात मी बाप्यांची. पण दुपारी नत्थूजी हाट-बाजाराला गेले की मी प्रेमिलाची व्हायचे.

प्रेमिला त्यांची थोरली लेक. बापाच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता ती गाणी रचायची. ती भजनं नव्हती, लग्नातली गाणी नव्हती, भुलाबाईची नव्हती. तिची होती. तिला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे ती गाणी दोनच जागी होती. एक तिच्या गळ्यात, आणि दुसरी तिच्या धाकट्या भावाच्या, मधुकरच्या कानात. तो तिच्या शेजारी बसून ऐकायचा. "आक्का, अजून एक," एवढंच म्हणायचा.

लग्न ठरलं त्याच वर्षी प्रेमिलाला कावीळ झाली. शेवटच्या दुपारी तिने मला खाटेजवळ मागवलं. बोटांत जोर नव्हता. तिने कसाबसा भाता उघडला, माझ्यावर गाल टेकवला, काहीतरी पुटपुटली. भाता मिटायच्या आधीच तिचा हात खाली पडला. तिच्या आईने, रुखमाबाईने, मला तशीच लुगड्यात गुंडाळली. त्या दुपारची हवा माझ्या पोटात राहिली. तुम्ही म्हणाल, फटीफटीतून गेली असेल. नाही गेली. माझं पोट आहे, मला ठाऊक.

त्यानंतर मी किती वर्षं मुकी होते याचा हिशेब मी ठेवलेला नाही. नत्थूजी गेले, माग मोडला. मी सावनेरला त्यांच्या पुतणीकडे, जिजाबाईंकडे गेले. तिथे कपाटावर गोणपाटाखाली माझी जागा. खाली मुलं वाढली, लग्नं झाली, घरात टीव्ही आला. कधीकधी भर दुपारी, वारा पडलेला असताना, माझ्यातून एकच सूर निघायचा. बारीक, लांबलेला. मी काढत नव्हते. जिजाबाई हातातलं काम टाकून वर बघायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "उंदीर असंन." मग मुलांना त्या खोलीत झोपू द्यायच्या नाहीत.

मला तिथून उतरवलं रितिकाने. ही त्या मधुकरचीच नात. तिचे वडील दुर्गेश यांचं महालात विजेच्या सामानाचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर घर. रितिका गिटार घेऊन धरमपेठेतल्या कॅफेंमध्ये गायची. आवाज चांगला, पण गाणी दुसऱ्यांची आणि बहुतेक हिंदी. तिला स्वतःचा पहिला अल्बम करायचा होता. त्यात यंत्राचा एकही आवाज नको होता. गिटार, गळा आणि एखादं जुनं वाद्य, बस.

सावनेरला एका लग्नाला ती आली आणि तिची नजर कपाटावर गेली.

"जिजाआजी, ते वर काय आहे?"

"पेटी होय," जिजाबाई म्हणाल्या. "नेतं तं ने. पन माघारी आनू नको वं माय."

महालात आणून रितिकाने मला पुसलं, खिट्टी काढली आणि फुगलेला भाता हळूच दाबला. सूर निघाला नाही. नुसता एक निःश्वास निघाला, माणसाचा असावा तसा. खोलीभर सुताला लावतात त्या खळीचा आंबूस वास पसरला. रितिकाने आयुष्यात कधी माग पाहिला नव्हता.

"बाबा, हा कशाचा वास येऊन राहिला?"

दुर्गेश दारात येऊन हुंगू लागले. "मले तं काहीच नाही येत."

दुसऱ्या दिवशी तिला पहिलं गाणं सुचलं. तेही वऱ्हाडीत! ती मैत्रिणींशी हिंदी-मराठी मिसळून बोलायची, वऱ्हाडीत गाणं तिने कधी केलं नव्हतं. मग दुसरं आलं, तिसरं आलं. तिची बोटं माझ्या पट्ट्यांवर न शोधता पडायची. मी ती वळणं ओळखायचे आणि गप्प बसायचे. बोलणार तरी कशी?

रेकॉर्डिंग तिच्या मित्राच्या, धम्मानंदच्या स्टुडिओत होतं. स्टुडिओ कसला, नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतल्या घराची मागची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. पंखासुद्धा बंद. धम्मानंद कानाला हेडफोन लावून पुन्हा पुन्हा तोच तुकडा ऐकायचा.

"रितिका, तू ओळीच्या आधी दोनदा श्वास घेऊन राहिली."

"एकदाच घेते यार."

"मंग हे ऐक." त्याने हेडफोन तिला दिला.

ती ऐकत राहिली. आधी तिचा श्वास होता. त्याच्या किंचित मागून दुसरा, जरा घाईचा, गाण्यात शिरायला निघालेला.

"पेटीचा भाता असंल," ती म्हणाली.

धम्मानंदने माझ्याजवळ दुसरा माईक लावून पाहिलं. माझा भाता कसा वाजतो हे त्याला कळलं. तो दुसरा श्वास वेगळाच होता. मग रितिका हळूच म्हणाली, "खरं सांगू? मले ही गाणी सुचत नाहीत. आठवल्यासारखी येतात."

सहा गाणी झाली, सातवं अडलं होतं. त्याच सुमाराला खाप्याहून मधुकरराव मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला नागपूरला आले. एक डोळा आधीच अधू होता, दुसऱ्यावर पट्टी. मी या घरात आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दुपारी आतल्या खोलीत ते पडले होते आणि इथे रितिका माझ्यावर त्या अडलेल्या गाण्याची पहिली ओळ घोळवत होती.

"वाळूत काढलं घर वं बाई, दार कुठं ठेवू…"

पुढचं येईना. तिने पुन्हा गायलं, पुन्हा थांबली. तेवढ्यात आतून एक थरथरता, न वापरलेला आवाज आला.

"पानी येईन पाहुनं, त्याले पाट कुठं ठेवू…"

रितिकाची बोटं पट्ट्यांवरच राहिली.

"आक्का," आतून मधुकरराव म्हणाले, "आता बस कर. माय उठंन."

ती उठून दारात गेली. "आबाजी, मी रितिका."

म्हातारा भानावर आला. पट्टीखालच्या डोळ्याकडे त्याने हात नेला आणि खाली घेतला. "तू होय. मंग पेटी कोन वाजवून राहिलं होतं?"

"मीच."

"नाई बाप्पा. तू गाऊन राहिली होती. मले दोघी ऐकू आल्या."

"तुम्ही मले लहानपणी हे गाणं ऐकवलं होतं का?"

"मी? आक्का गेल्यावर मी गानं म्हटलंच नाही वं. तुह्या आजीनंबी माहा सूर कधी ऐकला नाही."

मग तिने त्यांना सगळी गाणी म्हणून दाखवली. प्रत्येकाची पहिली ओळ ती गायची, दुसरी ते गायचे. एकही चुकलं नाही. म्हातारा रडत होता, मध्येच हसत होता. पट्टी ओली करू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्याची त्याला शुद्ध नव्हती. रितिकाचा चेहरा मात्र पांढरा पडत गेला. शेवटी तिने माझं झाकण धाडकन लावलं.

अल्बम करायचा नाही असं तिने धम्मानंदला फोनवर सांगितलं. तो धावतच आला.

"माह्या आजोबांनी वस्तीत आयुष्यभर भीमगीतं गायली," तो म्हणाला. "तीच मी गातो. चोरी करतो का मी?"

"तू सांगून गातोस. मी माझी म्हणून गाऊन राहिली होती."

"मंग आता सांगून गा."

"अन् माझं काय? माझं एक तरी आहे का त्यात?" तिचा आवाज चिरकला. "मी नुसती नळी आहे का रे? एका बाजूनं कोणी फुंकलं, दुसऱ्या बाजूनं वाजलं?"

मी पडले आयुष्यभर हवा घेणारी आणि वाजणारी. मला तिचं दुःख जितकं कळलं तितकं त्या खोलीत कोणाला कळलं नसेल.

तिने मला हात लावणं सोडलं. गिटार घेऊन ती खाली दुकानात जाऊन बसू लागली. वायरची भेंडोळी, पंखे, दिव्यांची खोकी यांच्यामध्ये. वर मला तुटक तुटक ऐकू यायचं. कधी एक ओळ, मग गिऱ्हाईकाशी घासाघीस, मग तीच ओळ दुसऱ्या चालीत. चुकायची, वैतागायची, पुन्हा धरायची. आठवण्यात इतके कष्ट नसतात.

एक दिवस ती वर आली आणि मधुकररावांसमोर बसली. त्यांची पट्टी निघाली होती. तिने गिटारवर सूर धरला.

"गिऱ्हाईक आलं का शंभर दिवे लागतात,
गेलं का आम्ही एका दिव्यात जेवतो…"

ती थांबली. म्हाताऱ्याने सवयीने तोंड उघडलं. मान तिरकी केली, कान लावला. ओठ हलले, पण आवाज आला नाही. रितिका त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"पुढचं मले येत नाही वं," ते ओशाळून म्हणाले.

"नाही येत? खरंच?"

"नाईच येत. सांग ना, पुढं काय होते?"

ती हसायला लागली आणि हसता हसताच तिने डोळे पुसले. मग येऊन तिने माझं झाकण उघडलं.

या हिवाळ्यात अल्बम आला. सात गाण्यांखाली प्रेमिलाचं नाव आहे. वाळूतल्या घराचं गाणंही त्यात आलं, मधुकररावांनी दिलेल्या ओळीसकट. शेवटचं एकच गाणं रितिकाचं. धम्मानंदने तो दुसरा श्वास कापला नाही. ऐकणारे विचारतात, मागे कोण आहे? रितिका सांगते, माझी मोठी आजी.

आता मी थकले आहे. भात्याला दोन ठिगळं लागली, एक काळी पट्टी अडकते. पण माझं काम संपलेलं नाही, कारण दुपारी सगळे खाली दुकानात असले की माझा भाता आपोआप भरू लागतो. पट्ट्या खाली जातात. अगदी हलक्या, भीतभीत. ती तिची सात गाणी नसतात. प्रेमिला आता शंभर दिव्यांचं गाणं शिकत असते. नवीन चाल तिच्या बोटांना बसत नाही, दुसऱ्या ओळीपाशी ती अडखळते आणि पुन्हा पहिल्यापासून धरते.

परवा रितिका जेवायला वर आली, तेव्हा हे चालू होतं. तिची पावलं जिन्यातच थांबली. मला वाटलं, आता ओरडेल, खाली पळेल. ती दाराबाहेर पायरीवर बसली. बराच वेळ ऐकत राहिली. पट्ट्या पुन्हा त्याच जागी अडल्या, तेव्हा तिने बाहेरूनच, हळू आवाजात, पुढची ओळ म्हटली. माझ्या पट्ट्या क्षणभर थांबल्या आणि मग तिच्या मागोमाग एकेक करून बरोबर पडत गेल्या.

तुम्ही कधी या घरी आलात आणि दुपारी मी वाजताना ऐकू आले, तर दार ढकलू नका. तिचं शिकणं अजून व्हायचं आहे.