मी, नराणी, आणि लोटूचं नख

मी नराणी बोलतेय. कपाळाला आठ्या घालू नका, सांगते. न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा आणि कात्री यांच्या खाली एक लोखंडी काडी पडलेली असते, पुढून चपटी आणि धारदार. नखं काढायची. ती मी. वस्तऱ्याची ऐट भारी, पण तो आपला गालावरून सरकतो आणि मोकळा होतो. माझ्या कामात माणसाचा हात हातात घ्यावा लागतो, आणि हात हातात आला की माणूस आपसूक बोलायला लागतो. त्यामुळे कुणाच्या घरी काय शिजतंय ते मला आधी कळतं.

जन्म माझा पारोळ्याचा. तिथल्या लोहाराने मोडक्या कानशीच्या तुकड्यातून मला घडवलं. पोलाद कडक, म्हणून माझी जीभही तशीच. उखा न्हाव्याने मला पहिल्यांदा धोकटीत घातलं. पुढे त्याचा मुलगा हिलाल बायकोला घेऊन सुरतेला आला, तेव्हा मीही आले. साल चौसष्ट असेल.

गोडादऱ्याच्या वाटेवर हिलालने पत्र्याखाली दुकान थाटलं. एक खुर्ची, एक आरसा आणि पाटीवर ‘खान्देश केशकर्तनालय’. आरसा जरा वेडावाकडा होता, त्यात कुणाचंही नाक लांब दिसायचं. गिऱ्हाईक बहुतेक आपल्याकडचंच, मागांवर काम करणारं. दुपारी मात्र हिलालची बायको चंद्रभागा मला घेऊन चाळीत जायची, बायकांची आणि लेकरांची नखं काढायला. खरं सांगू का, हिलालच्या हातात घाई आणि चंद्रभागाच्या हातात माया. मला ती जास्त आवडायची. हिलालला हे सांगू नका.

माणसांची गंमत मी रोज बघते. कुणी शनिवारी नख काढत नाही, पण दातांनी कुरतडलेलं चालतं. कुणी करंगळीचं नख शौकाने वाढवतो आणि त्याने कानही खाजवतो. नावं घेत नाही, अजून येतात ती मंडळी.

मग सत्तर सालच्या श्रावणात लोटू आला. लोटू म्हणजे तुटका धागा जोडावा तर त्यानेच. मागावरचा जुना बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेला रूळ, संपत आला की नव्या बीमचा एकेक धागा जुन्या टोकाला जोडायचा असतो. चिमटीत धरायचा, पीळ द्यायचा, पुढे जायचं. रेशमाचा धागा तो, केसापेक्षा बारीक. हे काम लोटूच्या बोटांना यायचं आणि त्याला दुसरं काही करावंसंही वाटायचं नाही.

त्या दिवशी तो खुर्चीत न बसता दारातच उभा राहिला. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट त्याने पुढे केलं, तर ते बोट दिसेचना. त्यावर चकाकणारी रेशमी गुंडाळी, दगडासारखी कडक.

“हाई काय करी ठेवं?” हिलालने विचारलं.

लोटू खाली मान घालून म्हणाला, “बीम चढावताना बोट सापडनं. नख तडकनं. मंग रेशीम गुंडायं, वरथून कांजी लायी.”

म्हणजे बघा. सूत ताठ राहावं म्हणून ताण्याला जी कांजी लावतात, ती या बहाद्दराने स्वतःच्या नखाला लावली होती. चंद्रभागा पदर तोंडाला लावून हसली. “लोटूभाऊ, हाई बोट शे का बीम शे?” लोटूही हसला, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

कारण त्याच्या कारखान्याचे मेस्तरी ठाकोरभाई, चोख माणूस, त्याला सांगून मोकळे झाले होते. सध्या बॉबिन भर. दिवाळीत माग बंद राहतील, मग लाभपाचमेच्या, म्हणजे कार्तिकातल्या पंचमीच्या मुहूर्ताला नवा बीम चढेल. तोवर नख सरळ झालं तर तूच जोड. नाही तर त्या जागी दुसरा बसेल आणि मग तोच राहील. फुटक्या नखात रेशीम अडकतं आणि तुटतं, यात ठाकोरभाईंचं काही चुकत नव्हतं.

चंद्रभागाने कोमट पाण्यात बोट भिजवलं. कांजी विरघळली, धागे सुटले. खाली नख काळंनिळं पडलेलं, मधोमध उभी चीर, पुढची बाजू सुटून हलणारी. पू नव्हता, हे नशीब. असता तर चंद्रभागाने त्याला तसाच दवाखान्यात पाठवला असता.

“वहिनी, उपटी टाका एकदानं. नवं तरी लवकर यी,” लोटू म्हणाला. हिलालने लगेच मला उचललंही. सांगितलं ना, घाई.

चंद्रभागाने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. “उपटानं नही. जुनं नख नवानं छप्पर शे. छप्पर काढं तं आतलं उघडं पडी.”

तिने मला उकळत्या पाण्यात घातलं. चटके बसले, पण कामाला लागायचं तर अंघोळ हवीच. मग जेवढं सुटलेलं होतं तेवढंच तिने माझ्या धारेने अलगद उतरवलं. चिकटलेल्याला हात लावला नाही. कड घासून गुळगुळीत केली आणि स्वच्छ फडकं सैल बांधलं. “आते कांजी भातनी खाय, बोटले लावू नको,” असं बजावून त्याला घरी धाडलं.

मग लोटू येतच राहिला. नवं नख बुडातून पुढे सरकायचं, जुनं तेवढंच पुढून सुटायचं, आणि मी तेवढंच उतरवायचे. कधी तो निराश होऊन म्हणायचा, वहिनी, हे काही होणारं नाही. चंद्रभागा म्हणायची, दाणा पेरून रोज उकरून बघतोस का? गणपती गेले, नवरात्र गेलं. दिवाळीला चीर पार शेंड्याला आली. मी आयुष्यात शेकडो नखं उतरवली, पण एखाद्या नखाची वाट बघण्यात इतकं सुख असतं हे मला ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतर चंद्रभागाने ती शेवटची कड उतरवली. मग स्वतःच्या डोक्यातला एक लांब केस काढला आणि लोटूच्या नखावरून सावकाश ओढला. केस कुठेच अडला नाही.

लाभपाचमेला लोटू सकाळीच दुकानात हजर. “वहिनी, आज नराणी माले द्या. पूजामां ठेवसू.”

मी, न्हाव्याच्या धोकटीतली, मागाशेजारी पाटावर बसले. हळदकुंकू लागलं, फूल वाहिलं. वस्तरा तिकडे धोकटीत जळत असणार. आणि माझ्यासमोर लोटू नव्या बीमपुढे बसला. चिमटी, पीळ, पुढचा धागा. उन्हं कलली तरी त्याने मान वर केली नाही. मला मेलीला घाम येत नाही म्हणून बरं.

शेवटी ठाकोरभाई आले. त्यांनी धाग्यांवर दोन्ही तळवे पसरले, या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपत गेले. तुटलेला एकही हाताला लागला नाही.

“बराबर छे, लोटुभाई,” ते म्हणाले. “आ बीम तमारो.”

माग सुरू झाला. खटाखट, खटाखट. त्या आवाजात लोटू ओक्साबोक्शी रडला आणि रडता रडता हसला. मी लोखंडाची, पण माझंही पाणी झालं.

जोडणीचे पीळ कापडाच्या ज्या पट्टीत येतात, ती पट्टी कापून टाकतात, ती विकायची नसते. लोटूने ती चंद्रभागाला आणून दिली. त्या दिवसापासून मी तिच्यातच गुंडाळलेली असते.

आता अठ्ठ्याहत्तर साल आहे. चकचकीत नेलकटर आलंय, कट्कट् करतं. रोजची नखं त्याने काढावीत, माझी ना नाही. पण पांडेसऱ्याच्या रंगखात्यातून, मागांवरून कुणी ठेचलेलं बोट घेऊन आलं, की चंद्रभागा मलाच काढते. तो बिचारा बोट मुठीत लपवून उभा असतो. ती आधी माझ्या भोवतीची पट्टी उलगडून त्याच्यासमोर धरते आणि म्हणते, हात फिरव, हे सगळं अशाच एका बोटानं जोडलंय.

तुम्हीही कधी आलात तर उपटायची घाई करू नका, एवढंच माझं मागणं. मूठ लपवून उभा असलेला तो माणूस पट्टीवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवतो, पुन्हा फिरवतो. मग मूठ उघडतो आणि हात पुढे करतो.