पानेकाकांनी लावलेलं बूच

पानेकाकांना गळकं काही सहन होत नसे. नळ असो, टाकी असो, छत्री असो, पाणी ठिबकताना दिसलं की त्यांच्या जिवाची घालमेल सुरू व्हायची. एकदा ओळखीच्यांकडे जेवायला बोलावलं असताना ते भरल्या ताटावरून उठले, यजमानांच्या मोरीतला नळ खोलून नीट केला, हात धुतले आणि मगच उरलेलं जेवले. चाळीस वर्षं प्लंबिंग केलेल्या माणसाला असं होणारच. खिशात कायम पाना, म्हणून गल्लीने नाव पाडलं पानेकाका. खरं आडनाव बहुधा फक्त पोस्टमनला माहीत असावं.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा काकांनी दुकान बंद केलं, आणि त्याचं खापर त्यांनी मनातल्या मनात लेकीवर फोडलं. एकुलती एक लेक. बाराव्या वर्षी ती पाइपला असे आटे पाडायची की कारागिरांनी तोंडात बोट घालावं. दुकान तीच चालवणार, हे काकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. पोरीने मोठी झाल्यावर काय करावं, तर मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढलं! एक गाडी घेतली, वर पाटी लावली आणि गल्लीतल्या बायकांना गाडी चालवायला शिकवायला लागली. काका जे फुगले ते सहा वर्षं फुगलेलेच राहिले. बापलेक एकाच घरात राहत होते, जेवायला एकत्र बसत होते, हसतखेळत बोलतही होते. पण गाडीचा विषय निघाला की काका ताटात बघायचे. त्या गाडीत ते कधी बसले नाहीत आणि तिला त्यांनी कधी हातही लावला नाही.

आणि मग उन्हाळ्यात ती गाडी गळायला लागली.

त्या उन्हाळ्यात लेक पहिल्यांदाच दुपारी जेवायला घरी यायला लागली होती आणि तेवढा वेळ गाडी फाटकाशी उभी असायची. तिच्या पोटाखाली टप टप टप थेंब पडायचे आणि फरशीवर थाळीएवढं डबकं साचायचं. पहिल्या दिवशी काकांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकी लावून घेतली. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांचा धीर सुटला. लेक आत जेवत होती. काकांनी फरशीवर वर्तमानपत्र अंथरलं, देवाचं नाव घेतलं आणि साठी उलटलेला देह गाडीखाली सरकवला. इंजिनच्या मागच्या पत्र्यातून एक रबरी नळी बाहेर आली होती आणि तिच्या तोंडातून पाणी ठिबकत होतं. नळीचं तोंड उघडं आहे, म्हणजे बूच पडलेलं आहे! हे काकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. घरातल्या अटरमसटर सामानाच्या डब्यातून त्यांनी नेमक्या मापाचं रबरी बूच शोधलं, ते नळीवर चढवलं, वरून पत्र्याची पट्टी आवळली आणि आणखी दोन फेरे पिळून टाकले. टपटप थांबली. काकांनी कुणाला काही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर रुसवा संपला असं झालं असतं. त्या दुपारी मात्र त्यांना फार दिवसांनी गाढ झोप लागली.

गाड्यांमधलं थोडंफार कळणारा माणूस एव्हाना कपाळाला हात लावून बसला असेल. गाडीतला एसी हवेतली वाफ ओढून घेतो, तिचं पाणी होतं आणि ते बाहेर पडावं म्हणूनच ती नळी उघडी असते. काकांना रेडिएटरपलीकडे गाडीतलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी पाण्याची वाट बंद केली, तर पाण्याने दुसरी शोधली आणि ते गाडीच्या आत उतरू लागलं. उतरलं तेही नेमकं शिकवणाऱ्याच्या पायाशी. तिथे लेकीचा जादा ब्रेक होता, शिकणारी घाबरली की गाडी थांबवायचा.

आठवड्याभरात लेकीचे बूट ओले व्हायला लागले. वळण आलं की समोरच्या डॅशबोर्डमागे डबडब असा आवाज यायचा. पिशवीत विसरलेल्या ओल्या टॉवेलचा असतो तसा वास सुटला. शिकायला येणाऱ्यांमध्ये एक निवृत्त नर्सबाई होत्या. त्या बसण्याआधी आपल्या पर्समधलं अत्तर चारही कोपऱ्यांत शिंपडायच्या, आणि मग अत्तर लावलेला ओला टॉवेल झाल्यासारखं व्हायचं.

"बाबा, गाडीत पाणी येतंय हो कुठून तरी," लेक एकदा जेवताना म्हणाली.

काकांनी ताटात बघितलं, पण पाण्याचा विषय होता, राहवलं नाही. "पाणी वरून खाली येतं. गाडी धुतेस ना, पुढची काच बघ. कडेचं रबर गेलं असेल."

बापाने सहा वर्षांत गाडीबद्दल उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. लेकीला इतका आनंद झाला की दुसऱ्याच दिवशी तिने काचेचं रबर बदलून घेतलं. पाणी येतच राहिलं.

असे तीन आठवडे गेले आणि तपासणीचा दिवस उजाडला. शाळेचा परवाना नवा करायचा होता. बारा वाजता निरीक्षक मॅडम येऊन गाडी बघणार होत्या. या मॅडम काय चीज आहेत हे सगळ्या शाळांना माहीत होतं. मागच्या महिन्यात त्यांनी एकाची शाळा नुसत्या सैल आरशावरून बंद ठेवली होती. सकाळी नऊ वाजता लेकीने पायाखालची चटई उचलली तर खाली बोटभर पाणी. तिचा चेहराच उतरला. ती पायरीवर बसली आणि तिने मिस्त्रींना फोन लावला. काका शेजारी चहा पीत होते. फोन स्पीकरवर होता.

"एसीची नळी तुंबली असेल ताई," मिस्त्री म्हणाले. "गाडीखाली पाणी ठिबकतं ना तुमच्या?"

"नाही हो! अगदी कोरडी असते. तीन आठवड्यांत थेंब नाही पडला."

"मग झालंच की. ते पाणी बाहेर पडायलाच हवं. नळीत कचरा अडकलाय. मी गावाला आलोय, संध्याकाळशिवाय जमणार नाही. पण तुम्हीसुद्धा काढू शकाल. खाली शिरा, इंजिनच्या मागच्या पत्र्यापाशी रबरी नळी दिसेल. बारीक तार घाला, हलक्या हाताने."

काकांनी कप पायरीवर ठेवला. बाहेर पडायलाच हवं! तीन आठवडे. ओले बूट, तो वास, ते नवं रबर, सगळं एका क्षणात त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. इकडे लेक बाह्या वर सारून उठलीसुद्धा होती. तिने भिंतीशी ठेवलेल्या दोन उतरत्या फळ्या लावून गाडीची पुढची चाकं त्यांच्यावर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या आणि ती खाली वाकली.

"थांब!" काका ओरडले. "तू सरक. मी शिरतो."

लेक बघतच राहिली. "तुम्ही? गाडीखाली?"

"नळीचं काम आहे. नळीतलं तुला जास्त कळतं की मला?"

"बाबा," ती एवढंच म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. ते पाणी बघून काकांना गाडीखाली शिरण्याऐवजी जमिनीत शिरावंसं वाटलं.

ते आत सरकले. बूच होतं तिथेच होतं, जसं लावलं तसं, मुंगीलाही शिरायला जागा नाही. स्वतःचं इतकं चांगलं काम बघून आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रडू आलं. त्यांनी पट्टी सैल केली, बूच ओढून काढलं आणि घाईघाईने सदऱ्याच्या खिशात कोंबलं. पाणी येईना. तीन आठवड्यांची धूळ साचून आत चांगला गाळ झाला होता.

"तार!" काका ओरडले.

लेकीने तार दिली. तोवर सकाळच्या वर्गाच्या दोघीतिघी जमल्या होत्या आणि नर्सबाई गाडीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. "हळू हं काका," त्या म्हणाल्या. "घुसवू नका. फिरवत फिरवत न्या. आत पडदा असतो."

"बाई, हा माणूस नाही, गाडी आहे."

"नळी ती नळीच."

काकांनी तार फिरवत फिरवत नेली. आत काहीतरी मऊ लागलं. त्यांनी हलकेच ओढलं आणि शेवाळी रंगाचा, करंगळीएवढा गोळा बाहेर आला. त्यामागोमाग पाणी असं सुटलं की काकांना बाजूला व्हायलाही वेळ मिळाला नाही. मानेवर, कानात, बाहीतून थेट काखेत! थंडगार पाणी! "अगं आई गं!" असा आवाज गाडीखालून आला आणि बाहेर बायकांनी टाळ्या वाजवल्या. नर्सबाई तर नाचायच्याच बाकी होत्या.

काका बाहेर आले ते नखशिखांत भिजून. लेकीने तशाच ओल्या बापाला मिठी मारली. "काय होतं हो आत?"

"कचरा," काका म्हणाले. खिशातलं बूच छातीला टोचत होतं.

मग नुसती धांदल उडाली. चटया उन्हात टाकल्या, खालचं जाजम उचकटून जुने टॉवेल दाबले, कुणी घरून केस वाळवायचं यंत्र आणलं, चारही दारं सताड उघडली. बारा वाजत आले तरी जाजम हाताला दमटच लागत होतं. आणि बाराला एक मिनिट कमी असताना मॅडम आल्या.

मॅडम बारीक चणीच्या, चष्मेवाल्या, आणि हसणं घरी ठेवून आलेल्या. त्यांनी दिवे बघितले, आरसे बघितले, कागद बघितले. मग शिकवणाऱ्याच्या जागेवर बसल्या, जादा ब्रेक दाबला आणि खाली वाकून जाजमावर तळहात ठेवला.

"ओल आहे. गाडी पाण्यात बुडाली होती का?"

"नाही मॅडम. एसीची नळी कचऱ्याने तुंबली होती. आत्ताच साफ केली."

"किती दिवस पाणी येत होतं?"

"तीन आठवडे," लेकीला खोटं बोलता येत नसे.

"म्हणजे तीन आठवडे तुम्ही ओल्या बुटाने ब्रेकवर पाय ठेवून शिकवलंत. एवढा कचरा साचेपर्यंत देखभाल नाही." मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "जी नळी बघत नाही, ती बाकीचं काय बघत असेल? सहा महिने परवाना थांबवावा लागेल."

लेकीने मान खाली घातली. सहा महिन्यांत शिकणाऱ्या दुसरीकडे जातील आणि शाळा संपेल, हे तिथल्या सगळ्यांना कळलं. काकांनाही कळलं. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि थांबला. समोर अर्धी गल्ली उभी होती, आणि या गल्लीतला एकही नळ असा नव्हता ज्याला पानेकाकांचा हात लागला नव्हता. चाळीस वर्षांचं नाव होतं. पण लेक मान खाली घालून उभी होती, आणि ते त्यांना बघवेना.

"मॅडम, कचरा नव्हता," काका म्हणाले आणि त्यांनी बूच काढून बॉनेटवर ठेवलं. "हे होतं. मी लावलं होतं."

जमलेल्या बायका बूच बघायला पुढे सरकल्या.

"मी प्लंबर. पाणी गळताना दिसलं, मी बंद केलं. ते गळायलाच हवं असतं हे मला ठाऊक नव्हतं. हिने आपल्या परीने सगळं केलं. काचेचं रबर बदललं, तेही माझंच ऐकून. चूक माझी आहे. काय लिहायचं ते माझ्या नावाने लिहा."

मॅडमनी बूच उचललं. पट्टी निरखली, उलटसुलट करून बघितली. "हे तुम्ही गाडीच्या नळीवर बसवलं होतंत?"

"हो."

"गळत होतं का नंतर?"

"थेंब नाही," काका म्हणाले, आणि अशा प्रसंगीसुद्धा त्यांच्या आवाजात जरासा अभिमान आलाच.

आधी नर्सबाई फुटल्या. तोंडावर पदर धरून त्या इतक्या हसल्या की त्यांना फाटकाला धरावं लागलं. मग बाकीच्या. शेवटी मॅडमचा चष्मा नाकावरून घसरला. तो सावरत त्यांनी पुन्हा गाडीत बसून कोरड्या बुटाने चार वेळा ब्रेक दाबून बघितला, लेकीला गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणायला लावली, आणि फॉर्मवर सही केली. "ओल कशामुळे, त्या कारणाच्या रकान्यात काय लिहू?" त्या म्हणाल्या. "'वडील' असं लिहिते." आणि खरंच तसं लिहून त्या निघून गेल्या.

बायका अजून हसत होत्या. काका ओल्या सदऱ्यात पायरीवर बसले होते, लेकीकडे बघायची हिंमत होत नव्हती. ती येऊन शेजारी बसली.

"बाबा, आज तुम्ही बूच लपवायला शिरलात, हो ना?"

"हो," काका म्हणाले. "माफ कर पोरी. तीन आठवडे तुझे पाय भिजवले मी."

"ते जाऊ दे. त्या दिवशी कशाला शिरला होतात?"

"गळत होती ना."

"तुम्ही तर तिच्याकडे बघतसुद्धा नव्हतात."

काकांनी सदऱ्याची ओली बाही पिळली. मग ते म्हणाले, "तुझी गाडी होती ती. तुझी गाडी गळत होती. मला घरात बसवेना."

लेकीने त्यांच्या ओल्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि नर्सबाई लांबून ओरडल्या, "अहो, आता इथे कोण गळतंय?"