युकिवारीवरचं शाबासकीचं तिकीट

कारेसावाच्या मैदानावर आज घोड्यांची शेवटची शर्यत होती, आणि वर्षानुवर्षं तिकडे न फिरकलेलं सगळं गाव लोटलं होतं. जिवंतपणी विचारपूस नाही अन् मेल्यावर गर्दी, तसलाच प्रकार! याच शर्यतींच्या पैशावर नगरपालिकेनं शाळा बांधली, इस्पितळ बांधलं, नदीवर पूल टाकला. पैसा आटला, तसा ठराव केला की मैदान बंद.

हात्सुएला त्याचं फारसं दुःख नव्हतं, खोटं कशाला बोला. एकोणीस वर्षं मोतद्दारकी केलेल्या या बाईला डोंगरापलीकडच्या मैदानानं कामाला घ्यायचं कबूल केलं होतं. शिवाय तिच्याबरोबर तिच्या हाताखालच्या युकिवारी घोड्यालाही, बिचकणाऱ्या घोड्यांना मैदानात घेऊन जायला. अट एकच, तिच्या परवान्यावर डाग नको. ती गेली नाही, तर पाच वर्षांत एकदाही न जिंकलेल्या म्हाताऱ्या घोड्याला कोण पोसणार? मालकानं केव्हाच हात झटकले होते. मग सोमवारचा ट्रक. तो ट्रक कुठे जातो हे तबेल्यात कुणी बोलून दाखवत नसे.

दुपारी ती खरारा करत होती, तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली. शेवयांचं दुकान चालवणारी तोमिए, तिची बालमैत्रीण.

"अगं, हे धर."

"काय ते?"

"युकिवारीचं शाबासकीचं तिकीट. सगळ्या गावानं घेतलंय. त्या टकल्या न्हाव्यानं तर पाच!"

तिथली रीतच तशी. जीव जडलेल्या घोड्यावर शंभर येन लावायचे आणि तो जिंकला तरी तिकीट वटवायचं नाही, जपून ठेवायचं. वटवलं तर प्रेम कसलं?

"मला नाही चालत गं. आम्ही तिकीट काढायचं नसतं, कायदा आहे."

"तू कुठे काढलंस? मी काढलंय. तू नुसतं ठेव. त्याला न्हाऊमाखू घालणारी तू, आणि एकट्या तुझ्याकडे नाही? बरं दिसतं का ते?"

कायद्यात नुसतं काढायला नाही, दुसऱ्याकडून घ्यायलाही मनाई आहे. परवाना घेताना तिनं ते वाचून सही केली होती. आठवत नव्हतं असंही नाही. पण माणसाचं मन! तिनं तिकीट घेतलं, घडी केली आणि तबेल्यातल्या युकिवारीच्या खणाच्या दाराला टांगलेल्या देवळातल्या ताईताच्या पिशवीत सरकवलं. हरलेल्या घोड्याच्या खणात कोण कशाला डोकावतंय? आणि हा बाबा कुठला जिंकतोय!

तो जिंकला.

सकाळपासून बर्फमिश्रित पाऊस पडत होता, मैदानाचा नुसता राडा झाला होता. तरणे घोडे चिखलात धडपडले आणि हा म्हातारा आपल्या चालीनं सगळ्यांच्या पुढे निघून गेला. अख्खं गाव रडत होतं, ओरडत होतं. हात्सुए तेवढी कुंपणाला धरून पांढरीफटक पडली होती. जिंकणाऱ्या घोड्याचं मूत्र तपासतात आणि त्याच्या खणाचीही झडती घेतात.

ती धापा टाकत तबेल्यात पोचली, तोवर नगरपालिकेचे नुकादा आणि पशुवैद्य आत शिरले होते. नुकादांनी तिच्या हातचे भाताचे गोळे किती वेळा खाल्ले असतील! त्यांच्या हातात ती पिशवी होती.

"हे कुणाचं?"

"माझं."

पशुवैद्यानं मान दुसरीकडे वळवली.

"अहो हात्सुएसान, गिळून का नाही टाकलंत?" नुकादा म्हणाले. "मी एकटा असतो तर... पण आता दोघांनी बघितलंय. लिहावं लागेल."

"लिहा," ती म्हणाली. "तुमचं काय चुकलं त्यात?"

परवाना गेला. संध्याकाळी डोंगरापलीकडून फोन आला. फार नम्रपणे बोलले, फार वाईट वाटलं म्हणाले, आणि दोघांनाही नाही म्हणाले. तोमिए दारात बसून ऊर बडवत होती, "माझ्याच हातानं मारलं गं मी त्याला!" हात्सुए तिच्याशेजारी बसून राहिली. समजूत काय घालणार, कपाळ?

सोमवारी युकिवारी ट्रकच्या फळीवर पाय ठेवेना. ड्रायव्हरनं ओढलं, ढकललं, शेवटी काठी उचलली.

"थांबा. माझ्यामागून येईल तो."

ती फळीवरून चढली. तो लगेच तिच्या खांद्याला नाक लावून वर आला. दोर बांधून ती खाली उतरली तेव्हा तो मान वळवून ती परत यायची वाट बघत होता.

जिंकलेलं तिकीट साठ दिवसांत वटवलं नाही, तर पैसे नगरपालिकेच्या तिजोरीत जमा होतात. एकसष्टाव्या दिवशी तोमिएच्या दुकानात नुकादा भेटले. वाडग्यात बघतच बोलले, "एकानंही नाही वटवलं. सगळ्यांचे पैसे मिळून त्या घोड्याचा दोन हिवाळ्यांचा चारा झाला असता, हात्सुएसान."

"मग त्या पैशाचं काय करणार?"

"तबेले पाडायचेत."

एवढ्यात न्हावी आत आला, आणि हात्सुएला बघून त्याचा चेहरा खुलला. त्यानं पाकिटातून पाचही तिकिटं काढून तिच्यासमोर ओळीनं मांडली. एकालाही दुमड पडली नव्हती.

"बघा हात्सुएसान. माझा हात नाही लागला हो पैशाला! माझ्याबरोबर जळतील ही."

तिनं एकेक तिकीट निरखून पाहिलं आणि गठ्ठा करून त्याच्या हातात परत दिला.

"शाबास," ती म्हणाली.