सतरा नंबरची बाई

वडवणीच्या डॉक्टर श्रीशैल यांना बायकांच्या अब्रूची काळजी वाटायला लागली ती नव्व्याण्णवच्या श्रावणात, पुण्याहून फॅक्स आला त्या दिवशी. त्याआधी ही काळजी त्यांच्या हॉस्पिटलच्या पायरीलाही शिवली नव्हती.

उलट आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांनी बेचाळीस बायकांची अंग बाहेर येण्यावरची ऑपरेशनं केली, एका परदेशी कंपनीची नवी जाळी आत शिवून, तेव्हा बीडच्या दैनिकात अर्धं पान जाहिरात दिली होती. मधोमध सुभद्राबाई आसाराम यांचा फोटो. खाली नाव, गाव, आजार आणि 'डॉक्टरसाहेबांच्या कृपेने मी बरी झाले'. तोच फोटो फ्रेम करून व्हरांड्यातल्या बाकाच्या वर टांगला. सुभद्राबाईंना स्वतःचं तोंड पहिल्यांदा दिसलं ते आठवडी बाजारात, भज्यांच्या पुडक्यावर. पुढचे तीन बाजार त्यांनी चुकवले.

सुभद्राबाई म्हणजे हॉस्पिटलातल्या सिस्टर शिवकन्येची सख्खी मावशी. 'परदेशी जाळी हाय, फुकट हाय, चल' असं म्हणून शिवकन्येनंच तिला ऑपरेशनला आणली होती. त्याचा पस्तावा तिला आता जेवू देत नव्हता.

कंपनीशी झालेल्या करारात लिहिलं होतं की सहा महिन्यांनी प्रत्येक बाईला तपासून फॉर्म भरायचा. ऑपरेशनं मे महिन्यात झाली, म्हणजे तपासणी आली नोव्हेंबरात. आता नोव्हेंबरात या भागातल्या वाड्यांवर म्हातारी माणसं आणि कुत्री सोडून कोण असतं? दसरा झाला की बाया-गडी कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्यातच परततात. हे वडवणीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. करार लिहिणाऱ्या कंपनीला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, आणि डॉक्टरांना तेव्हा आठवायचं नव्हतं.

"बायका आल्या नाहीत," शिवकन्येनं तेव्हा सांगितलं होतं.

"आल्या नाहीत म्हणजे तक्रार नाही. तक्रार असती तर आल्या नसत्या का? लिहा, 'तक्रार नाही'."

शिवकन्येनं बेचाळीस वेळा लिहिलं. अंगठ्यांसाठी साठीतला वॉर्डबॉय आश्रुबा बसला, डावा-उजवा आलटून पालटून. "सिस्टर, आज मी बेचाळीस डाव बाई झालो बगा," असं म्हणून तो हसला, आणि तीसुद्धा हसली होती. त्या हसण्याची तिला आता शिसारी येत होती.

कारण एप्रिलात सुभद्राबाई परतल्या त्या भिंतीला धरून चालतच. हॉस्पिटलातून मिळालेल्या छापील कागदावर 'अवजड वस्तू उचलू नये' असं होतं. तो कागद कनवटीला लावून बाईनं पाच महिने उसाच्या मोळ्या डोक्यावरून ट्रकवर चढवल्या होत्या. आतली जाळी एका बाजूनं उसवून टोचत होती. बसणं म्हणजे शिक्षा झाली होती. डॉक्टरांनी तपासलंसुद्धा नाही. फॉर्म उघडून दाखवला. "हे बघा, नोव्हेंबरात तुम्ही ठणठणीत होता. आता दुखतंय ते वयानं."

अन् श्रावणात तो फॅक्स आला. पुण्याच्या एका संशोधन केंद्रातल्या डॉक्टर रुचिका यांचा. ठिकठिकाणच्या ऑपरेशनांची माहिती एकत्र करून ही जाळी चांगली की वाईट ते त्या तपासत होत्या. डॉक्टर श्रीशैल यांनी छापून आणलेल्या लेखात बेचाळीसच्या बेचाळीस बायका नेमक्या तारखेला परत आल्या होत्या; असं जगात कुठंच झालेलं नव्हतं, तेव्हा मूळ फॉर्म पाहायला मिळतील का? आणि ज्या बाईची तक्रार कागदावर असेल तिची जाळी पुण्यात मोफत काढून देऊ.

पहिलं वाक्य वाचून डॉक्टर फुगले, दुसरं वाचून घामाघूम झाले. शिवकन्येनं मात्र शेवटचंच वाक्य तीनदा वाचलं.

डॉक्टरांनी उत्तर टाळलं तेव्हा रुचिकामॅडम जीप करून स्वतःच आल्या. व्हरांड्यातच डॉक्टरांनी त्यांना अडवलं आणि भाषणाला सुरुवात केली.

"आपण देशाची दारं जगाला उघडलीत मॅडम, पण माझ्या पेशंटची अब्रू चव्हाट्यावर मांडायला नाही! या बायकांचं नाव या उंबऱ्याबाहेर जाणार नाही!"

मॅडमनी डॉक्टरांच्या डोक्यावरच्या फोटोकडे बघितलं. नाव, गाव, आजार, सगळं वाचून काढलं. मग शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे. नावं नकोतच. नावांवर शाई फिरवा, नंबर घाला. कोणता नंबर कुणाचा, ती यादी सिस्टरच्या कपाटात राहू दे. कुणाला दाखवायची नाही."

"मी मागितली तरी द्यायची नाही, सिस्टर!" डॉक्टर गरजले. बोलून गेल्यावर आपण फॉर्म द्यायला कबूल झालो हे त्यांच्या लक्षात आलं. पण टाळ्या मिळाल्यासारखं वाटत होतं, आणि नावंच नाहीत तर कोण काय सिद्ध करणार, असा हिशेबही होता.

शिवकन्या त्या संध्याकाळी मावशीकडे गेली.

"मावशे, तुजं खरं लिवून पाठवू का? नाव न्हाई जायाचं, नंबरच जाईल."

सुभद्राबाई उशीवर कुशीला बसल्या होत्या. "फोटो छापताना मला कुणी इचारलं न्हाई. तू इचारलंस तरी. लिव."

"माजी नोकरी जाईल."

"मग नगं लिवू," मावशी लगेच म्हणाली. ते ऐकून शिवकन्येचं लिहायचं पक्कं झालं.

तिथून ती ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम अजिनाथ याच्याकडे गेली. त्याच्या हजेरीच्या वहीत नोव्हेंबरातली रोजची हजेरी होती. कोणती बाई कोणत्या फडात, कोणत्या दिवशी.

"न्या की," अजिनाथ म्हणाला. "पर कावून लागली? आमची वही काय डाक्टरांच्या कामाची न्हाई. हितं खोटं लिवलं तर रातच्याला कोयता घिऊन येत्यात लोकं."

बेचाळीसपैकी एकोणतीस बायका त्या वहीत सापडल्या. शिवकन्येनं त्या पानांची झेरॉक्स काढून फॉर्मांना जोडली, नावांवर शाई फिरवली, नंबर घातले. सगळं मॅडमनी सांगितल्याप्रमाणे, काटेकोर. वर एक चिठ्ठी: 'या फॉर्मांवरचे अंगठे एका पुरुषाचे आहेत. अक्षर माझं आहे. नंबर सतराची जाळी उसवली आहे, तिला चालता येत नाही.' खाली सही केली. त्या सगळ्या गठ्ठ्यात शाई न फिरवलेलं तेवढं एकच नाव होतं.

दसऱ्याला आठ दिवस असताना उत्तर आलं. नंबर सतराला ताबडतोब पुण्याला पाठवा. आणि डॉक्टरांनी नोव्हेंबरच्या तपासणीचा खुलासा आठ दिवसांत करावा.

डॉक्टर फॅक्सचा कागद फडफडवत व्हरांड्यात आले. "सिस्टर! तुम्ही आजपासून कामावर नाही! आणि कोण ही सतरा नंबर? नाव सांगा! मी तिच्याकडून आत्ता लिहून घेतो की ती बरी आहे!"

"सांगता येत न्हाई, साहेब."

"यादी द्या!"

"यादी कपाटात हाय, किल्ली माज्या कनवटीला. तुमी मागितली तरी द्यायची न्हाई, असं तुमीच म्हणाला होतात."

डॉक्टर दातओठ खात बाकावर बसायला वळले. बाकावर एक बाई गाठोडं घेऊन एका कुशीवर तिरकी बसली होती. डोक्यावर तिचाच फोटो होता, नाव-गावासकट.

"ओ बाई, सरका जरा तिकडं," डॉक्टर खेकसले, आणि कपाळाला हात लावून बसले.

सुभद्राबाई सरकल्या. मग भिंतीला धरून हळूच उठल्या.

"डाक्टरसाब कुणाला धुंडायलेत गं?"

"हाय एक बाई," शिवकन्येनं गाठोडं उचललं. "चल मावशे, बीडची यष्टी लागलीया."