लांडगिणीला निरोप

मला लांडग्याची भीती वाटते, हे आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हते. सात वर्षांची असताना, माहेरी भालकीजवळच्या मळ्यात, लांडग्याने माझ्या हातातले करडू दाव्यासकट ओढून नेले. दाव्याने तळहात सोलून निघाला. आईने मला पोटाशी धरले आणि कानाशी कानडीत एवढेच म्हणत राहिली, "अंजब्याड, अव्वा." भिऊ नको, बाळ. पुढे सासरी, निलंग्यात, पन्नास वर्षे घर माझ्या शब्दावर चालले. तिथे ही गोष्ट सांगायला जागा नव्हती.

लातूर जिल्हा होऊन दोन-तीन वर्षे झाली होती आणि दुसऱ्यांदा पाऊस चुकला होता. नव्या जिल्ह्यात नव्या संस्था निघत होत्या. वन्यजीव रक्षणाच्या अशाच एका संस्थेचे चिटणीस, मन्मथ मास्तर, आमच्याकडे आले. गाव ज्याचे ऐकेल असे माणूस त्यांना हवे होते. हरणे, मोर असे काही असेल या समजुतीने मी होकार दिला. शाळेच्या पटांगणात त्यांनी मला 'वन्यदूत' म्हणून जाहीर केले, अंगावर शाल घातली, आणि मग माळावरचे लोक लांडग्यांच्या बिळात मिरच्यांचा धूर करून पिले मारतात, ते अक्का थांबवतील, असे सांगितले. शाल अंगावर आलेली होती. मी बसल्या जागी पदर सावरला आणि मान डोलावली.

"आत्याबाई, दूत म्हटलं की मला यमाचाच आठवतो," सून शिवकांता घरी आल्यावर म्हणाली.

"काम नसलं की पुष्कळ आठवतं," मी म्हणाले.

शिवरात्रीला चार दिवस असताना धनगर ज्ञानोबा दारात उभा राहिला. ओढ्यापलीकडच्या कपारीत लांडगीण व्याली होती आणि आठवड्यात त्याची तीन कोकरे गेली होती. त्याच्या खांद्यावर पोते होते. त्यातल्या मिरच्यांनी शिवकांताला ओसरीवरच ठसका लागला.

"अक्का, तुमी लांडग्याच्या दूत हाव म्हनं."

"आहे."

"मंग दूत इकडचं तिकडं सांगतो का न्हाई? तिचं तुमी आमाला सांगितलं, धूर घालू नका म्हनून. आता आमचं तिला सांगा. पिल्लं घिऊन दुसरीकडं जा म्हनावं. सांगितलं तर पोतं वापस. न्हाई तर आत्ताच घालतो धूर."

त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. कट्ट्यावरची चार माणसे उठून जवळ आली. नाही म्हटले असते तर पिले गेली असती, आणि त्यांच्याबरोबर माझा शब्दही.

"चल," मी म्हणाले.

ओढ्यात पाणी नव्हते. गोटे तापून पांढरे पडले होते. माझी काठी प्रत्येक गोट्यावर वाजत होती आणि तो आवाज तिला ऐकू जात असणार, एवढेच मनात येत होते. गळ्यातले इष्टलिंग मी मुठीत घट्ट धरले. ज्ञानोबा दहा पावले मागे थांबला.

कपारीच्या तोंडाशी हाडे होती, लोकरीचा एक झुपका होता. आत काहीतरी कुईकुई करत होते. मी खाकरले. त्याबरोबर ती आतून नव्हे, माझ्या डाव्या हाताच्या बोरीमागून निघाली.

इतकी हडकुळी असेल असे मला वाटले नव्हते. बरगड्या मोजता आल्या असत्या. डोळे पिवळे, स्थिर. ती माझ्या आणि कपारीच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि ओठ मागे घेऊन तिने दात दाखवले. वाटेत जुळवलेली वाक्ये गेली. मराठीच गेली. तोंडातून निघाले ते एवढेच:

"अंजब्याड, अव्वा. अंजब्याड."

किती वेळा म्हणाले, आठवत नाही. मी पाठ न दाखवता मागे सरत होते. ती पाहत राहिली, मग वळून आत शिरली.

"दिला निरोप?" ज्ञानोबाने विचारले.

"दिला."

आम्ही ओढा ओलांडला. मग तो म्हणाला, "बारा साल झाले, भालकीच्या बाजारात मेंढरं इकायलोय, अक्का. कानडी समजतंय मला."

मी थांबले. आयुष्यात माझे खोटे कोणी तोंडावर पकडले नव्हते. पोते त्याच्याच खांद्यावर होते आणि कपार हाकेच्या अंतरावर.

त्याने पोते उतरवून माझ्यापुढे ठेवले. "हे तुमच्या घरी ऱ्हाऊ द्या. आठ दिस कोकरं घरी बांधतो मी." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पन माजा निरोप ऱ्हायलाय. उद्या परत यावं लागंल तुमाला."

मी पदर सावरला.

"ऊन चढायच्या आधी ये," मी म्हणाले. "आणि उद्या दहा पावलं मागं थांबायचं नाही."