लाटोबाची घंटा

फळ्यावर समुद्र काढायचा तर सरळ रेघ ओढून भागत नाही, फुगीर कमान लागते. मास्तरांचा हात त्या कमानीवर इतका बसला होता, की डोळे मिटूनही ती जमली असती. एका टोकाला त्यांनी जहाज काढलं, त्याच्या डोलकाठीवर रडार; आणि कमानीच्या पलीकडे बारीक टिंब. टिंब म्हणजे पाण्यापासून जेमतेम दोन पुरुष उंचीवरून, लाटांना चाटत येणारं क्षेपणास्त्र. पृथ्वीच गोल, त्याला रडार बिचारं काय करणार? टिंब कमानीवर डोकं काढतं तेव्हा सव्वीस किलोमीटरवर येऊन ठेपलेलं असतं. तिथून जहाज गाठायला त्याला दीड मिनिट पुरे. तेवढ्यात आपण ओळखायचं, घंटा वाजवायची, तोफ फिरवायची.

नौदलाच्या या शाळेत वीस वर्षं मास्तर हा धडा इथंच संपवत आले होते. बुडालेल्या जहाजावरून वाचलेला माणूस म्हणून लोक त्यांच्याशी बोलताना आवाज खाली आणत. तो मान त्यांच्या अंगावर दुसऱ्याच्या मापाच्या कोटासारखा लोंबे. पण काढून ठेवायचा धीर कधी झाला नव्हता.

वर्ग रिकामा झाला, तरी नव्या तुकडीतली एक मुलगी मागे थांबली. तुमच्या जहाजावरचे आचारी माझे बाबा, असं तिने साधेपणाने सांगितलं. ते गेले तेव्हा ती चार वर्षांची होती. तिच्या आईला चौकशीवाल्यांनी एवढंच कळवलं होतं, की क्षेपणास्त्र दिसणं शक्यच नव्हतं.

"पण सर, दीड मिनिट होतं ना?" ती म्हणाली. "इथल्या नमुन्याच्या जहाजावर मी स्वयंपाकघरातून वरपर्यंत पळून बघितलं. पन्नास सेकंद लागतात. मग घंटा का नाही वाजली?"

मास्तर फळा पुसू लागले. ती मागून वडिलांचं शेवटचं पत्र वाचत होती. रडारवर बसणाऱ्याला इथं सगळे लाटोबा म्हणतात, लाट उसळली तरी घंटा वाजवतो म्हणून. सगळे त्याला हसतात. पण तो असा घाबरट आहे, म्हणून तर मी निवांत झोपतो.

"हे लाटोबा वाचले का, सर?"

फळा केव्हाच स्वच्छ झाला होता. मास्तर पुसतच होते.

"नाही. गेला तो."

"आईला वाटलंच होतं." तिने पत्राची जपून घडी केली. "रोज देवापुढे बसली की बाबांच्या मागोमाग त्यांचंही नाव घेते ती."

ती दारापर्यंत पोचली. मास्तरांना वाटलं, सुटलो. आणि त्या सुटकेचीच त्यांना लाज वाटली.

"थांब, बाई," ते म्हणाले. "लाटोबा मीच."

ते तिला शेजारच्या सरावाच्या खोलीत घेऊन गेले. तिथं रडारचा पडदा होता, पडद्याखाली एक नॉब आणि घंटेचं बटण. तिच्याकडे न बघता, नॉबशीच बोलल्यासारखं त्यांनी सांगून टाकलं. लाटाही पडद्यावर दाण्यांसारख्या चमकतात. नॉब वळवला की पुसल्या जातात. त्या दिवशी सकाळपासून नऊ वेळा घंटा वाजली, नऊही वेळा लाटच निघाली. जेवणघरात पाऊल टाकताच सगळ्यांनी चमचे वाजवून त्यांचं स्वागत केलं. परत जागेवर येऊन त्यांनी नॉब पार टोकाला नेला. टिंब लांब होतं तेव्हा फिकं होतं. जवळ आलं तेव्हा लाटांबरोबर तेही पुसलं गेलं.

"चमचा फक्त तुझ्या बाबाने वाजवला नाही," मास्तर म्हणाले. "उलट चहा घेऊन आला. म्हणाला, आज दुपारी घंटा नाही, लाटोबा? मी म्हटलं, समुद्र शांत आहे. म्हणाला, मग जरा पडतो."



"शांत होता समुद्र?"

"नव्हता."

"आणि चौकशीत?"

"कमान सांगितली. ती खरीच होती."

मुलगी पडद्यापुढच्या एकुलत्या एका खुर्चीत बसली. तिने यंत्र सुरू केलं आणि नॉब उलटा वळवत पार खाली आणला. पडदा दाण्यांनी भरून गेला. एक दाणा चमकताच तिने घंटा वाजवली. तिने निरखून बघितलं. लाट होती. पुन्हा वाजवली.

"ही काय आहे, सर?"

"लाट असावी."

"असावी नको. बघून सांगा."

मास्तरांनी खिशातून चष्मा काढला. तिने उठून जागा दिली नाही, त्यांनी मागितलीही नाही. तिच्या खांद्यामागे वाकून, उभ्या उभ्याच, ते एकेक दाणा बघू लागले. घंटा वाजत राहिली.